मिकाडोची नोंद

"दारापुढनं चप्पल घालून जाऊ नगा, बाई. हिकडनं या, भिंतीच्या कडंनं."

म्हातारी चुलीपुढून न उठताच बोलली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्या उजेडातून एकदम माजघरात आल्यावर मला धड काही दिसत नव्हतं. मी चप्पल काढून हातात घेतली. डोळे सरावल्यावर समोरच्या भिंतीत एक दार दिसलं. साधं आंब्याच्या लाकडाचं, नुसतं ओढून घेतलेलं, कडीला कुलूप नाही. त्याच्यापुढची जमीन ताजी सारवलेली होती आणि एका कडेला पितळी ताटलीवर वाटी पालथी घातलेली होती.

"आत कुणी निजलंय का?" मी विचारलं.

"दार हाय."

"ते मला दिसतंय, आजी. आत कोण आहे?"

"दारच म्हनायचं त्येला," म्हातारी म्हणाली आणि फुंकणीनं चूल फुंकू लागली.

मी कपाळाला हात लावणार होते, पण परक्या घरी आलेली होते. त्यातून पाच मैल चालून आलेली आणि तहानेनं जीव जात असलेली. म्हटलं जाऊ दे, ज्याच्या त्याच्या घरची एकेक तऱ्हा.

आधी एक सांगते. मी भित्री नाही आणि भोळीभाबडी तर मुळीच नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आमच्या गल्लीत अंगात येणाऱ्या बाईला मी सर्वांदेखत तिच्या धाकट्या दिराचं लग्न कुठल्या वर्षी झालं ते विचारलं होतं, आणि तिला ते सांगता आलं नव्हतं. त्यावरून आईनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. अशी मी. त्या वैशाखात, म्हणजे एकोणीसशे एकाहत्तर साली, मी सांगलीला एका ज्ञानकोश मंडळात उपसंपादक होते. मंडळ पुढं बंद पडलं, आमचा 'म'चा खंड काही निघाला नाही. पण तेव्हा सगळ्यांना वाटायचं की आपण फार मोठं काम करतोय, आणि आमचे संपादक सोमण यांना तर तसं जरा जास्तच वाटायचं. त्यांचा एक दंडक होता. नोंद लिहिणाऱ्याच्या सहीशिवाय त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. पत्राला उत्तर आलं नाही तर माणसानं जाऊन सही आणायची. बहुतेक वेळा ते माणूस म्हणजे मी असायची.

'मिकाडो' ही नोंद बारा ओळींची होती. ती लिहिणारे सुभेदार रंगराव निकम कोरेगावच्या बाजूला वाघजाईवाडीत राहायचे. लढाईत सिंगापूर पडलं तेव्हा ते जपान्यांच्या कैदेत सापडले आणि तिथं त्यांची भाषा शिकले. साडेतीन वर्षं कैद्यांचे दुभाषे होते. नोंद त्यांनी झकास लिहिली होती. मिकाडो हे जपानच्या सम्राटाचं इंग्रजीत रूढ झालेलं जुनं नाव. 'मि' म्हणजे आदरानं लावायचा शब्द, 'कादो' म्हणजे दार, वेस, फाटक. थोरामोठ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून जुन्या काळी तिथले लोक त्याच्या राजवाड्याच्या दारालाच नमस्कार करायचे, दाराचंच नाव घ्यायचे. पुढं जपान्यांनी तो शब्द सोडला, ते 'तेन्नो' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांनी मात्र तो उचलून धरला, आणि युरोपातले लोक तुर्की सुलतानाच्या सरकारलाही असंच दारावरूनच ओळखायचे. इथवर सगळं ठीक होतं. पण बारावी ओळ अशी होती: 'दाराला हाक मारणाऱ्याला आत कोण आहे हे कधीच कळत नाही.'

सोमणांनी त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली. "हे काय आहे? याला आधार काय? आधार आणा नाहीतर काट मारल्याची सही आणा," ते म्हणाले. म्हणून मी गेले होते.

सुभेदार पडवीत खाटेवर बसले होते. एकेकाळी धिप्पाड असावेत. आता अंगावरची बंडी लोंबत होती आणि चेहरा पिवळट झाला होता. त्यांनी मला गूळपाणी द्यायला लावलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि मी कागद पुढं करताच म्हणाले, "त्या ओळीसाठी आलात ना?"

"हो. आधार कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातला नाही. घरातला आहे."

ते हळूच हसले, पण त्यात आनंद नव्हता.

"मी ती ओळ मुद्दाम घातली, बाई. वाटलं, शिकलेलं कुणीतरी विचारायला येईल. पत्रांना उत्तर दिलं नाही ते तेवढ्यासाठीच. या, जरा जांभळीखाली बसू. मावशीला ऐकू जायला नको."

चुलीपुढची ती म्हातारी, आवडाबाई, त्यांची सख्खी मावशी नव्हती. गावातल्याच सोनवणे घराण्यातली, ऐन तारुण्यात विधवा झालेली, एकुलत्या एका मुलावर जगलेली, आता त्यांच्याच घरी राहणारी बाई. तो मुलगा आणि रंगराव बरोबरीचे. एकाच दिवशी पलटणीत भरती झाले, एकाच दिवशी कैद झाले. सुभेदारांनी मुलाचं नाव तोंडानं घेतलं नाही. माझ्या झरणीनं माझ्याच कागदाच्या कोपऱ्यावर लिहून दाखवलं. निवृत्ती.

"चव्वेचाळीस साली गेला," ते म्हणाले. "मलायाच्या जंगलात आम्हाला रस्त्याच्या कामावर जुंपलं होतं. हगवणीची साथ आली. माझ्या मांडीवर गेला तो."

"आणि आजींना?"

"शेहेचाळीस साली मी परत आलो. ही वेशीत उभी होती. म्हणाली, माझा कुठाय रं. बाई, मी साडेतीन वर्षं कैद सोसली, मार खाल्ला, पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून माझी जीभ लुळी पडली. मी म्हटलं, आलाय. आजारी आहे, तोंडावर जखमा आहेत, कुणापुढं यायचं नाही म्हणतोय. रात्री गाडीतनं आणून माझ्या घरी, आतल्या खोलीत निजवतो. दार उघडलंस तर निघून जाईन म्हणतोय. आणि तिकडच्या रिवाजानं त्याचं नाव घ्यायचं नाही, बोलायचं ते दाराशी बोलायचं. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, मग सांगू."

"पंचवीस वर्षं झाली."

"होय."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "आणि त्यांनी मान्य केलं? कोणती आई पंचवीस वर्षं दार न उघडता बसेल?"

"उघडलं आणि रिकामं निघालं तर? ही भीती तिलाही असेलच की. आणि नावाचं म्हणाल तर ती म्हणाली, नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, लेकाचं नाही घेतलं तर काय बिघडलं."

मी झरणीचं टोपण लावलं आणि विचारलं, "हा दाराचा रिवाज तुम्हाला सुचला कसा?"

"एक पहारेकरी होता. पोरसवदा, एकोणीस-वीस वर्षांचा. मास्तरकी शिकत होता, तिथनं उचलून आणलेला. मला भाषा त्यानं शिकवली. जमिनीवर काडीनं अक्षरं काढायचा. राजाला दार का म्हणायचे ते त्यानंच सांगितलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पहारेकऱ्याचं नाव कोण विचारतो? साथीत तोही पडला. त्याचे लोक पुढं निघून गेले आणि याला आजारी म्हणून आमच्यात टाकून गेले. दोघं एकाच रात्री गेले. माणसं मरत होती आणि खणायला हात उरले नव्हते. एकाच खड्ड्यात ठेवले मी दोघांना. येताना तिथली मूठभर माती रुमालात बांधून आणली. ती खोलीत आहे. दुसरं काही नाही तिथं."

जांभळीवर एक कावळा बसला होता, तो उडून गेला. सुभेदारांनी पोटावर हात धरला.

"मला गाठ झालीय इथं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दिवाळी काही बघत नाही मी. मी गेल्यावर मावशीला कोण सांगणार? ती त्या दारापुढं एकटी बसून राहील, बोलत राहील, आणि तिचा लेक मातीत गेलाय हे तिला कधीच कळणार नाही. मला तसं मरायचं नाही, बाई. पन्नासदा तोंड उघडलं. होत नाही माझ्यानं. तुम्ही सांगा. पुस्तकवाल्या बाईचं ती ऐकेल."

परक्या माणसाचं एवढं मोठं ओझं असं अंगावर आल्यावर कुणीही बावरेल. पण मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि मला प्रत्येक गोष्टीचा उपाय माहीत असायचा. मी म्हटलं, "सांगायला कशाला हवं? नाव घेऊन हाक मारू. ओ येणार नाही. त्यांचं त्यांना समजेल. मग तुम्ही फक्त जवळ बसा."

सुभेदारांचा चेहरा उतरला. "नाव नका घेऊ."

"का पण?"

"मावशी रोज ताट ठेवते दारापुढं. आम्ही बाहेर पडवीत बसतो. परत येऊन बघावं तर ताट रिकामं. पहिल्या वर्षी मीच चोरून खायचो, मावशीसाठी. मग मला पुण्याच्या इस्पितळात दोन महिने राहावं लागलं. परत आल्यावर ती म्हणाली, पोटभर जेवला रं रोज. मला वाटलं, तीच जेवत असेल. मग ती बहिणीकडं गेली आठ दिवस. मी आपलं सवयीनं ताट ठेवलं आणि अंगणात येऊन बसलो."

"मांजर असेल."

"खाऊन झालं की वाटी पालथी घातलेली असते. मांजर वाटी पालथी घालत नाही, बाई."

मला अगदी थोडा वेळ, फारच थोडा वेळ, पाठीवर काटा आल्यासारखं झालं. मग मी स्वतःलाच दटावलं. माणूस आजारी आहे, पोटातल्या दुखण्यानं हळवा झालाय, इतक्या वर्षांच्या खोट्यानं त्याचं मन पोखरलंय. मी उठले आणि आत गेले. सुभेदार माझ्यामागून भिंतीला धरत धरत आले.

आवडाबाई भाकऱ्या झाकून दारापुढंच बसली होती. मला बघून तिनं पदरानं जागा पुसली. "बसा. रंगू म्हनत हुता, ह्ये दाराचं तुमच्या बुकात छापनार हाईत."

"हो, आजी."

"वाचा की. मला वाचता येत न्हाई."

मी नोंद वाचून दाखवली. सोप्या शब्दांत सांगितलीही. थोरामोठ्याचं नाव घेत नसत, दाराचं घेत, दाराला नमस्कार करत. ती मान हलवत ऐकत होती. शेवटची ओळ मी वाचली नाही.

"म्हंजे रंगू माज्याशी खोटं बोलला न्हाई," ती म्हणाली. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर असं समाधान आलं की मला ते बघवेना. "कदीमदी मनात यायचं वो. वाटायचं, उगं समजूत घालतोय माजी. रातीला झोप लागायची न्हाई मग."

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. आज बसले असते. पण मला ते समाधान खोट्यावर उभं आहे हे सहन होईना. पुढच्या दिवाळीला ही बाई या घरात एकटी असेल, एका मूठभर मातीशी बोलत. मी म्हटलं, "आजी, नाव घेऊन हाक मारून बघितलीत कधी?"

"न्हाई. रंगूनं न्हाई म्हनलंय."

"बाई," सुभेदार मागून म्हणाले.

मी दाराकडे वळले आणि हाक मारली. मोठ्यानं नाही. शाळेत हजेरी घेतात तशी, सरळ.

"निवृत्ती."

आतून ओ आली.

दूरवरून नाही, दाराला लागूनच, जणू कुणी कडीपाशी कान लावून बसलं होतं आणि आपल्याला कुणी हाक मारतंय की काय असं वाटून चटकन बोललं होतं. तरुण मुलाचा आवाज. माझ्या हातातला कागद खाली पडला. सुभेदार भिंतीशी होते तिथंच मटकन खाली बसले.

आवडाबाईचा चेहरा उजळून निघाला होता. ती गुडघ्यांवर सरकत दाराजवळ गेली, तिनं दोन्ही तळहात फळीवर टेकवले. "परत बोल," ती म्हणाली. "बाळा, परत एकदा बोल."

आतून पुन्हा तोच आवाज आला. या खेपेला जरा जास्त बोलला, हळू, अडखळत. मला एक शब्दही कळला नाही. आवडाबाई कान देऊन ऐकत राहिली. तिचे हात हळूहळू फळीवरून खाली आले. तिनं पदर सावरला, मागं सरकून बसली आणि म्हणाली, "ह्यो माजा न्हवं."

तिनं मान वळवून सुभेदारांकडं बघितलं.

"माज्या लेकाचा गळा मी इसरन व्हय? ह्यो माजा न्हवं. रंगू, माजा कुटं हाय?"

सुभेदार रडायला लागले. इतका मोठा माणूस, लढाई पाहिलेला, लहान मुलासारखा हुंदके देत होता. "मेला, मावशी," ते म्हणाले. "चव्वेचाळीस साली. माझ्या मांडीवर. मीच पुरला त्याला. तुला सांगायचं धाडस झालं नाही मला."

आवडाबाईनं एकदाच जमिनीवर हात आपटला. रडली नाही. तिच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी नंतर कुणाच्याही तोंडून ऐकला नाही, आणि माझ्या आईच्या मयताला मी स्वतः रडले आहे. बाहेर कोंबड्या खुराड्यात करकरत होत्या. मला उठून पळून जावंसं वाटत होतं, पण त्या बाईला तसं सोडून जायची मला लाज वाटली असती.

"पानी पाजलंस का त्येला?" तिनं शेवटी विचारलं.

"पाजलं."

"काय म्हनला?"

"तुझ्या हातची आंबील मागितली."

तिनं मान हलवली. डोळे पुसले. मग ती पुन्हा दाराकडे वळली, आणि चुकून दुसऱ्याच्या अंगणात आलेल्या पोराला एखादी म्हातारी विचारते त्याच सुरात म्हणाली, "मग तू कुनाचा रं?"

आत शांतता होती.

"त्याला आपली भाषा येत नाही, मावशी," सुभेदार म्हणाले. "त्याला काहीच कळलं नसेल. एवढी वर्षं तू बोलत होतीस त्यातलं काहीच."

"तुला म्हाईत हाय व्हय त्यो?"

"तिकडचा पहारेकरी होता. एकाच खड्ड्यात होते दोघं, तिथलीच मूठभर माती आणली मी."

तिनं हे नीट ऐकून घेतलं. "मग तू इचार. आई हाय का म्हनावं त्येला."

सुभेदार सरकत दारापाशी आले. पंचवीस वर्षांत त्यांनी ती भाषा उच्चारली नव्हती. पहिल्यांदा काही जमेना, मग एक वाक्य बोलले. आतून उत्तर आलं. ते मोठं होतं. एखादं पोर एकदा सांगायला लागलं की थांबत नाही तसं ते येत राहिलं, आणि सुभेदार कपाळ दाराला टेकवून ऐकत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय म्हनतोय?" आवडाबाईनं विचारलं.

"नाव सांगतोय. गाव सांगतोय. समुद्राकाठी आहे म्हणतो. घरी आई आहे, एकटीच." ते थांबले. "म्हणतो, तिला कुणी कळवलं नाही."

आवडाबाई उठून उभी राहिली. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघ्यांवर हात देऊन उठली, आणि तिनं सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला. रागानं नाही. पण मऊपणही नव्हतं त्यात.

"रंगू, मला न्हाई सांगितलंस, त्ये ऱ्हाऊ दे. तिला कळीव. आजच्या आज कळीव. ती बी बसली आसंल कुटंतरी, दाराकडं डोळं लावून."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली पडलेला नोंदीचा कागद उचलला, पालथा केला, गुडघ्यावर ठेवला आणि झरणीचं टोपण काढलं.

"सुभेदार," मी म्हटलं, "त्याला पत्ता जरा सावकाश सांगायला सांगा."